श्वासाच्या खुणा

सोमवार, ३ मार्च

टिटवे,

आशीर्वाद लिहावा तर तू म्हणशील, आली मोठी आशीर्वाद देणारी. आणि नमस्कार लिहायला मी काही तुझ्याहून धाकटी नाही. म्हणून नुसतंच टिटवे. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडता ड्रॉवरमध्ये टाकणार, हेही मला ठाऊक आहे. टाक. ड्रॉवर आवरायची वेळ कधीतरी येतेच.

मी मजेत आहे. त्र्याहत्तरावं लागलं, गुडघे सोडले तर सगळं जागच्या जागी आहे, आणि जीभ तर पूर्वीपेक्षा बरी चालते. सकाळी सहाला उठते, चहा घेते आणि खिडकीपाशी बसून टाइपरायटरवर चार पानं बडवते. चारच. पाचवं सुचलं तरी लिहीत नाही, ते दुसऱ्या दिवशीसाठी ठेवते. खाली एक शिंपी राहतो, तो म्हणतो, "बाई, तुमचं मशीन थांबलं की मला कळतं, आता दुकान उघडायला हवं." सध्या हातात तीन कामं आहेत. बत्तिसावी रहस्यकथा, ज्यात खून झाला आहे पण करणारा मलाच सापडत नाही. साप्ताहिकाचं शब्दकोडं, जे मी दात घासताना करते. आणि आत्मचरित्र, जे प्रकाशकाला हवं आहे आणि मला नको आहे. ते तुझ्या जन्मापर्यंत आलं आणि तिथेच अडकून बसलं आहे.

रविवारी दुपारी शिंपी, त्याची बायको आणि मी मिळून एक जुना काळा-पांढरा सिनेमा बघतो. त्यातली माणसं दार उघडून आत येतात, टोपी काढतात, खुंटीला लावतात आणि मग बोलतात. हल्लीच्या मालिकांमध्ये माणूस दारापर्यंत पोचायच्या आत तीन वेळा वीज कडाडते. शिंप्याची बायको म्हणते, मला जुनंच आवडतं कारण मी जुनी आहे. असेनही. पण टोपी खुंटीला लावायला वेळ लागतो तेवढ्यात मला खुनी ओळखता येतो, याला काय म्हणशील?

आता मुद्द्यावर येते. इथल्या वाचनालयाची ग्रंथपाल पस्तिशीची आहे, चुणचुणीत आहे, आणि तिने दर गुरुवारी संध्याकाळी जुने रेडिओ कार्यक्रम ऐकवायचा उद्योग सुरू केला आहे. तिला कुठून तरी आपल्या 'लाइनवर कोण?'च्या अकरा टेप मिळाल्या आणि लेखिका दोन गल्ल्या सोडून जिवंत आहे हे कळल्यावर ती थेट माझ्या दारात. तिला सगळं मुळापासून सांगावं लागलं. की ही रहस्यमालिका सहा वर्षं दर गुरुवारी साडेसातला थेट प्रसारित व्हायची, आधी ध्वनिमुद्रण वगैरे लाड नव्हते. की माझी धाकटी बहीण, म्हणजे तू, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, ड्यूटीवरून आली की जेवताना एकेका ग्राहकाची नक्कल करायची, आणि त्यातून मला ऑपरेटरबाई सुचल्या, आवाजावरून माणूस ओळखणाऱ्या. की त्या फक्त एका भागापुरत्या होत्या, पण तू माइकसमोर "लाइनवर कोण?" म्हणालीस आणि मग त्यांना घालवायची कोणाची छाती झाली नाही.

"मग शेवटी त्यांची लाइन कापली कोणी?" ग्रंथपालने विचारलं. "आमच्या गुरुवारच्या मंडळींना तेच हवंय. बाई बोलता बोलता फोन मध्येच तुटतो, सगळे म्हणतात त्यांचा खून झाला, आणि खुनी काही सापडत नाही. नऊ भागांनी मालिकाच बंद."

मी म्हटलं, मला ठाऊक आहे कोणी कापली, आणि तुम्हाला शेवटचा भाग लिहून देते. बावीस मे, गुरुवार, साडेसात, वाचनालयाच्या सभागृहात थेट वाचन. बोलून तर बसले.

त्यात ऑपरेटरबाई हव्यात. तुझ्याशिवाय त्या कोणी नाहीत. हे कामाचं पत्र आहे, भलता अर्थ काढू नकोस. आणि त्यांना मारायचा निर्णय केंद्रातल्या साहेबांचा होता, हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं.

तुझी,
ताई


रविवार, १६ मार्च

टिटवे,

उत्तर नाही. मीही धरलं नव्हतं.

गुरुवारी वाचनालयात अकरावी टेप लावली. बावीस माणसं होती, बरीचशी आपल्या वयाची, दोघांच्या कानांत यंत्रं, एक गृहस्थ पहिल्या मिनिटाला झोपले ते टाळ्यांना उठले. ऑपरेटरबाई आल्या आणि साडेतीन मिनिटं कोणी खोकलं नाही. तुझ्या आवाजात अशी एक जागा आहे, जिथे तू हसशील असं वाटतं आणि तू हसत नाहीस. मी ती विसरले होते, किंवा विसरले असं म्हणत होते. बाहेर आल्यावर ग्रंथपाल म्हणाली, "एवढं लांब वाक्य त्या एका दमात कशा म्हणायच्या?"

मग मी तिला तुझ्या रेघांबद्दल सांगितलं. मी लिहिणार मैलभर लांबीची वाक्यं, आणि तू बारीक शिसपेन्सिलीने त्यांवर एक छोटी उभी रेघ मारणार, श्वास घ्यायचा तिथे. वाक्याला एकच. "ताई, दोनदा श्वास घेतला की ऐकणाऱ्याला कळतं, बाई कागद वाचतेय." बाकीचे नट तुझी पानं चोरून बघायचे. त्यांना वाटायचं त्यात काही गुपित आहे. गुपित कसलं, फुप्फुसं होती तुझी.

ती शेवटची तीन पानं माझ्याकडे आहेत. त्यांवर एकही रेघ नाही. लाल दिवा लागल्यावर मी ती तुझ्या हातात ठेवली होती, पेन्सिल उचलायलाही वेळ नव्हता. तू वाचत गेलीस, आणि वाचता वाचता तुला कळत गेलं की ऑपरेटरबाई संपताहेत. "आवाज ओळखला मी तुमचा. तुम्ही—" आणि आवाजवाल्याने लाइन तुटल्याचा आवाज दिला. ते तू एका श्वासात वाचलं होतंस, सगळं. अजून लोक म्हणतात की तसं कोणी वाचलं नाही. मग तू पानं टेबलावर नीट एकावर एक ठेवलीस, काचेतून माझ्याकडे बघितलंस आणि पर्स उचलून निघून गेलीस.

एकतीस वर्षं झाली.

साहेबांचं नाव मी उगाच घेतलं. ते बिचारे केव्हाच गेले, आता त्यांच्या माथी कशाला मारू. त्यांना तर प्रसारण सुरू झाल्यावरच कळलं, आणि त्यांनी माझी चांगली हजेरी घेतली. खरी गोष्ट अशी की तू आवाजवाल्याशी लग्न करून दूर निघून जाणार होतीस, मला एका शब्दाने सांगितलं नव्हतंस, आणि मला राग आला. बहीण म्हणून आला. जाणाऱ्या नटीला मालिकेतून घालवावंच लागतं. आता तरी उत्तर दे.

ताई


रविवार, ६ एप्रिल

टिटवे,

तुझ्या नवऱ्याचं कार्ड आलं. हा माणूस रेडिओवर वाळूच्या ट्रेमधून पाच माणसांच्या पावलांचा आवाज काढायचा, पण लिहायची वेळ आली की त्याला तीन ओळी जड जातात. "पत्रं पोचली. ती वाचते आहे. आमचं लग्नाचं त्या गुरुवारनंतर ठरलं, आधी नाही." बस.

मला फार राग आला. दोन दिवस मी शिंप्याशीही बोलले नाही. मग रागात एक काम केलं, ग्रंथपालला म्हटलं, दुसरी कोणी बघा. तिने नाट्यशाळेतून एक बाई आणली. चांगली होती. स्पष्ट बोलत होती, वेळेवर आली होती, पाठ सरळ ठेवून बसत होती. तिने "लाइनवर कोण?" म्हटलं आणि मला वाटलं, आता ही माझा खाते क्रमांक विचारेल. मी तिला चहा पाजला आणि घरी पाठवलं.

ग्रंथपाल म्हणाली, "मग आता?"

मी म्हटलं, "ती येईल. माझी बहीण आहे."

असं मी म्हणाले खरी, आणि अगदी ठामपणे म्हणाले. पण घरी आले आणि त्या शेवटच्या भागाचं एक पानही लिहून होईना. चार पानांचा माझा नेम, चाळीस वर्षांत तापातसुद्धा मोडला नाही, तो मोडला. करणारा कोण ते मला ठाऊक आहे, टिटवे. पण ते लिहायचं म्हणजे आधी तुला सांगावं लागणार, आणि तुला सांगायचं धाडस माझ्यात नाही. एवढं मी आज कबूल करते. उरलेलं पुढे बघू.

ताई


सोमवार, २१ एप्रिल

टिटवे,

या पत्राबरोबर एक खोकं येईल. जड आहे. उचलू नकोस, आवाजवाल्याला उचलू दे, आणि त्याआधी हे वाच.

रेडिओवर तेव्हा नटांची नावं सांगायची पद्धत नव्हती. लोक पात्राच्या नावाने पत्र लिहायचे आणि केंद्रातला शिपाई ती सगळी माझ्या टेबलावर आणून टाकायचा, कारण मालिका माझी. मालिकेतल्या इन्स्पेक्टरला आठवड्याला तीन-चार यायची. लेखिकेला महिन्यातून एक, तेही बहुतेक चूक दाखवणारं. आणि ऑपरेटरबाईंना पिशवी भरून.

तू मला विचारायचीस, "ताई, मला कोणाचं काही येतं का गं?" आणि मी सांगायचे, पत्रं इन्स्पेक्टरला येतात. तू म्हणायचीस, "असू दे, त्याचा आवाज आहेच तसा."

एका बाईने लिहिलं होतं की नवरा शेजारच्या खोलीत फोनवर बोलतो तेव्हा त्याचा आवाज बदलतो, तर याचा अर्थ काय घ्यायचा. एका म्हाताऱ्याने लिहिलं होतं की बायको गेल्यापासून घरात बाईमाणसाचा आवाज येतो तो गुरुवारी फक्त. एका शिक्षिकेला वर्गापुढे बोलताना घसा दाटून यायचा, तिने तुला उपाय विचारला होता. ही सगळी पत्रं मी वाचली आणि सगळ्यांना उत्तरं दिली. खाली सही, ऑपरेटरबाई. शिक्षिकेला मी तुझ्याच रेघांची युक्ती सांगितली. तिचं पुन्हा पत्र आलं, की जमलं. मी ते आठ दिवस उशीखाली ठेवून झोपले, जणू ते मलाच आलं होतं.

मग त्या गुरुवारच्या आधीच्या सोमवारी एक बाई केंद्रावर आली. लांबून आली होती, बरोबर मुलगी होती. म्हणाली, ऑपरेटरबाईंना भेटायचं आहे. मी माझा पदर नीट केला आणि म्हटलं, "ऑपरेटरबाई मीच लिहिते." ती माझ्याकडे बघून अगदी चांगुलपणाने हसली आणि म्हणाली, "लिहिणाऱ्या नकोत हो. बोलणाऱ्या हव्यात."

तू तेव्हा आत होतीस, दहा पावलांवर. मी तिला सांगितलं की त्या आज आलेल्या नाहीत. ती मुलीचा हात धरून परत गेली. आणि त्या संध्याकाळी मी ती तीन पानं लिहिली.

राग नव्हता तो. हेवा होता. धाकट्या बहिणीचा हेवा, बेचाळिसाव्या वर्षी. लोक एकतीस वर्षं विचारताहेत, लाइन कोणी कापली. मी कापली. इन्स्पेक्टरला नऊ भागांत सापडलं नाही, कारण तो वेड्यासारखा पात्रांमध्ये शोधत होता.

बाई संपल्या त्यानंतरच्या पंधरवड्यात दोनशे चौदा पत्रं आली. त्यांना मी उत्तर दिलं नाही. देता आलं नाही. तीही खोक्यात आहेत, वेगळी बांधलेली. सगळी तुझी आहेत. माझी चूक झाली, टिटवे. मी तुझं कौतुक चोरलं, आणि पुरेना तेव्हा तुलाच घालवलं. एवढं साधं वाक्य लिहायला मला बत्तीस पुस्तकं लागली.

शेवटचा भागही खोक्यात सगळ्यात वर ठेवला आहे. नऊ पानं. वरचं एवढं लिहून झाल्यावर एका बैठकीत झाला. ऑपरेटरबाई मेलेल्या नाहीत, त्यांनी त्या दिवशी लाइनवरचा आवाज ओळखला आणि त्या आपणहून निघून गेल्या. आता त्या फोनवरूनच परत येतात, त्यामुळे तुला इथे यायची गरज नाही. वाचनालयात फोन आहे, तो मोठ्या स्पीकरला जोडता येतो. तू तुझ्या खुर्चीत बसून बोल.

नाही बोललीस तरी पत्रं ठेवून घे.

ताई


शुक्रवार, २ मे

टिटवे,

खोकं पोचल्याची पावती आली. सही आवाजवाल्याची.

मी रोज चार पानं लिहिते आहे. ती चार पानं वाईट आहेत. शिंप्याने इन्स्पेक्टर वाचायचं कबूल केलं, त्याला वाटतं की त्याचा आवाज भारदस्त आहे. मी काही बोलले नाही. मी सुधारते आहे असं दिसतं.

ताई


गुरुवार, १५ मे

टिटवे,

काल पाकीट आलं. वर आवाजवाल्याचं अक्षर. आत माझी नऊ पानं, आणि दुसरं काहीच नाही. चिठ्ठी शोधली. पाकीट उलटं करून झटकलं. शिंप्याची बायको म्हणाली, "परत पाठवलंय हो त्यांनी." मलाही तसंच वाटलं. मी पानं टेबलावर टाकली आणि चहा ठेवला.

चहा घेताना पहिल्या पानावर उजेड पडला. तेव्हा रेघ दिसली.

मग सगळी पानं खिडकीशी नेऊन बघितली. प्रत्येक वाक्यावर रेघा आहेत. तशाच, बारीक, उभ्या. मी खुर्चीत बसले आणि बराच वेळ रडले. शिंप्याची बायको घाबरली. तिला म्हटलं, ती वाचणार आहे. तिला काही कळलं नाही, पण तीही रडली.

नंतर नीट बघितलं. पूर्वी वाक्याला एक रेघ असायची. आता पाच आहेत. एका वाक्यात तर सात. चौथ्या पानावर एका शब्दाच्या मध्येच रेघ मारून तू ती खोडली आहेस.

तुझ्या छातीला काय झालंय ते मी विचारत नाही. आवाजवाल्यालाही विचारलं नाही. तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांग.

एक वाक्य तू काट मारून उडवलं आहेस. "झालं गेलं मी विसरले." ते ऑपरेटरबाईंच्या तोंडी घालायचा मला अधिकार नव्हता. काढलं ते बरं केलंस. पुन्हा घालणार नाही. पण त्याच्या आधीचं वाक्य तू ठेवलं आहेस. "तो आवाज माझ्या घरातलाच होता." तिथे 'घरातलाच'च्या आधी एक रेघ आहे. तिथे सगळेच थांबतील.

काल आणि आज मी एकच काम केलं. नऊच्या नऊ पानं पुन्हा लिहिली. तुझ्या प्रत्येक रेघेवर वाक्य तोडलं. जिथे रेघ, तिथे पूर्णविराम. आता एका वाक्याला एकच श्वास पुरेल. ऐकणाऱ्याला कळणार नाही. प्रकाशकांनी चाळीस वर्षं विनवण्या केल्या, वाक्यं लहान करा. मी कोणाचं ऐकलं नव्हतं. वाचून बघितलं, चांगली झाली आहेत. बहुधा आधीपेक्षा चांगली. हे ग्रंथपालला सांगू नकोस.

नवी पानं सोबत आहेत. रेघांना जागा सोडली आहे. पेन्सिलही ठेवली आहे, टोक काढून.

बावीस तारखेला साडेसातला तू फोन लाव. सभागृह भरणार आहे, ग्रंथपाल खुर्च्या उसन्या आणते आहे. त्या शिक्षिकेचा पत्ता मी शोधून काढला. तिला बोलावलं आहे. आता ती निवृत्त झाली. तिला सांगितलं की उत्तरं कोणाची होती आणि आवाज कोणाचा. ती म्हणाली, मला दोघींना भेटायचं आहे.

फोन शिंपी उचलणार होता. इन्स्पेक्टर म्हणून. त्याला नाही म्हटलं. तो रुसला आहे. फोन मी उचलणार. पहिलं वाक्यही मीच म्हणणार. ते इतकी वर्षं तुझं होतं. या वेळी विचारणारी मी आहे.

"लाइनवर कोण?"

मग तुझी पाळी. घाई करू नकोस. श्वास घे. मी थांबते.

ताई